सासूबाईंना हूल कधी द्यावी

मी एसटीत कंडक्टर आहे, शिरूर डेपोला. माणसाचं तोंड बघून तो खोटं बोलतोय का ते आपल्याला कळतं, असा माझा बारा वर्षांचा समज आहे. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन 'हाफच हाय वो, पाचवीला हाय' म्हणणारी माउली मी ओळखते. वयाची पंच्याहत्तरी झाल्याचं सांगून फुकट बसू बघणारा, पण चालत्या गाडीत उडी मारून चढलेला आबा मी ओळखते. तिकीट काढायला नको म्हणून झोपेचं सोंग घेतलेले तर मला नुसत्या पापण्यांवरून कळतात. एवढी मोठी मी, आणि लग्न होऊन दौंडला आल्यापासून दर रविवारी माझ्या सासूबाई मला तीन पत्तीच्या डावात धुऊन वाळत घालतात.

सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या. भांडगावकडची, निमोण्याकडची, नदीकाठची कुठली कुठली पोरं त्यांच्या हाताखालून गेलीत. गृहपाठाची वही घरी राहिली असं सांगणाऱ्या किती पिढ्या त्यांनी बघितल्या, त्याला मोजदाद नाही. गल्लीत सगळे त्यांना अजून 'बाई'च म्हणतात. मी 'आई' म्हणते. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत मालगाडी चालवतो. म्हणजे घरी नसतो.

तर रविवारी दुपारी जेवणं झाली, की भांडी तशीच ठेवून पत्ते निघतात. प्रत्येकीला तीन पानं. ज्याची पानं भारी त्याचा डाव, हे झालं कागदावरचं. खरी मजा वेगळीच. तुमच्या चालीला, म्हणजे लावलेल्या बोलीला भिऊन समोरची पॅक झाली, म्हणजे पानं टाकून मोकळी झाली, तर तुमच्या हातात कचरा असला तरी डाव तुमचा, आणि तो कचरा कुणाला दाखवावाही लागत नाही. समोरचीनं 'शो' मागितला, तर मात्र पानं उलटून दाखवायची आणि जी काय शोभा व्हायची ती होऊ द्यायची. आम्ही चिंचोके लावून खेळतो. पैशांना सासूबाईंची सक्त मनाई आहे. पैशांनी खेळला तर जुगार. चिंचोक्यांनी खेळला तर ते बहुतेक संस्कारात बसत असावं, कारण नातीला शेजारी बसवून त्या खेळतात.

आम्ही चौघी. सासूबाई, मी, समोरच्या मावशी आणि मागच्या घरातल्या काकू. काकूंना हूल द्यायची गरजच पडत नाही. त्या राजाराणी हातात असतानाही 'नगं बाई, आपल्याला न्हाई झेपायचं' म्हणून पॅक होतात. मावशींना हूल देणं म्हणजे म्हशीला कोडं घालणं. त्यांना डावाशी देणंघेणं नाही, त्यांना फक्त बघायचं असतं. 'काय धरून बसलीया ते बघू तरी' म्हणत त्या प्रत्येक वेळी शो मागतात, हरतात, आणि तृप्त मनानं पान खातात. गल्लीत कुणाकडं पाहुणे आले तरी त्यांचा कारभार हाच. तेव्हा मला लवकरच एक गोष्ट कळली. हूल द्यायची असेल तर ती शहाण्या माणसालाच देता येते. जो विचार करतो, तोच विचार करून फसतो. आणि आमच्यात विचार करणारं माणूस एकच होतं, ते मला कधी फसलं नव्हतं.

आमच्याकडचा शेवटचा डाव निराळा असतो. त्याला शब्दाचा डाव म्हणतात. तो दोघींचाच. जिला कुणाकडून काही करून घ्यायचं असेल तिनं पानं वाटायच्या आधी बोलायचं, समोरचीनं आपलं मागणं सांगायचं, आणि मग वीस वीस चिंचोके घेऊन बसायचं. हरलेलीनं शब्द पाळायचा. काकूंनी असाच एक डाव हरून माळा साफ केला होता. मावशींनी आठवडाभर मालिका बघितली नाही, तेव्हा त्यांना खरोखर ताप आला होता. मी हरून हरून काय काय केलं ते विचारू नका, एकदा तर जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळले, तेही पुढच्या रांगेत. शब्द मोडला असं मात्र कुणी कधी केलं नाही. सरकारी कागदाला या गल्लीत कुणी भीक घालत नाही, पण पत्त्यांवर बोललेला शब्द पाळतात.

दिवाळीनंतर सासूबाईंचा खेळ बदलला. आधी त्या सावकाश खेळायच्या, तुमच्या तोंडाकडे बघत, चष्म्याच्या वरून, परीक्षेत पर्यवेक्षक बघतो तसं. आता त्या चिंचोके नुसते सारत सुटायच्या. कधी शो मागायच्या नाहीत, समोरची पॅक होईपर्यंत दम काढायच्या. आम्हाला वाटलं, बाई आणखी तयार झाल्या. मी तर त्यांची नक्कल करायला लागले आणि दोन रविवारात सगळे चिंचोके घालवून बसले. मग एकदा मावशींनी नेहमीसारखा शो मागितला. सासूबाईंनी थाटात पानं टाकली, "कलर. तिन्ही इस्पिक."

"बाई, यातलं एक किल्वर हाय की," मावशी म्हणाल्या.

"माहीत हाय मला. कुणाचं ध्यान हाय का न्हाई ते बघत व्हते."

आम्ही तिघींनी मान डोलावली. माझा तर कंडक्टर म्हणून तोंड वाचण्याचा धंदा, आणि मी सगळ्यात आधी डोलावली.

मला जे दिसलं नाही ते माझ्या पोरीनं सांगितलं, तेही कौतुकानं. ती दुसरीत आहे. मी पहाटे पाचला घर सोडते, शिरूरला जाऊन गाडी ताब्यात घेते. त्यामुळे पोरीला शाळेत सोडणं-आणणं आजीकडे, आजीच्या स्कुटीवरून. निवृत्तीनंतर सासूबाईंनी स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट घेतली. तर एका सुटीच्या सकाळी मी पोरीची वेणी घालत होते, आणि ती म्हणाली, "आई, काल मी चार म्हशी सांगितल्या, दोन डंपर आणि एक मोठा खड्डा."

"कुणाला सांगितल्या?"

"आजीला. मी आजीची कंडक्टर आहे."

मग तिनं मला खेळाचे नियम समजावले. पुढं काय येतंय ते आजीला मागून सांगायचं. पाठीवर एकदा थाप मारली की थांब, दोनदा मारली की चल. एक बेल थांब, डबल बेल चल, हे मीच तिला शिकवलं होतं, मांडीवर बसवून, मोठ्या हौसेनं. उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला तर तीन थापा, हा तिचा स्वतःचा शोध. "आजी म्हणते, हा आपल्या दोघींचा खेळ आहे, आईला सांगायचा नाही," ती म्हणाली. वेणी माझ्या हातातून सुटली. सात वर्षांची पोर दौंडच्या रस्त्यावर, भर वाहतुकीत, दोघींच्या जिवाची बेल मारत होती. मला इतकी भीती वाटली, की राग यायलाही वेळ लागला.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आईला मी कसं सांगू? तू सांग ना, तू घरात असतेस." मी घरात असते. पहाटे पाच ते संध्याकाळी सात सोडून.

मग मी सरळ विचारलं. "आई, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

"कुनाचे?"

"तुमचे."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? विहारात शिबिर झालं तवा तपासलेत की. डॉक्टरांनी समद्यांसमोर सांगितलं, बाईंची नजर पोरीवानी हाय."

हे खरं होतं. शिबिर झालं होतं, आणि त्यात सासूबाई स्वयंसेवक होत्या. अक्षरांचा तक्ता त्यांनीच भिंतीला लावला, आणि सकाळपासून हातात छडी घेऊन त्याच एकेक अक्षर दाखवत लोकांकडून वाचून घेत होत्या. लोक वाचत होते, या ऐकत होत्या. दुपारपर्यंत त्यांना तो तक्ता वरून खाली, खालून वर पाठ झाला. शेवटी स्वतः खुर्चीत बसल्या आणि बारीकातली बारीक ओळसुद्धा धडाधड म्हणून दाखवली. जन्मभर ज्यांनी पोरांना कॉपी करू दिली नाही, त्यांनी डोळ्यांच्या परीक्षेत पाठांतरावर पैकीच्या पैकी मार्क काढले.

मी दुसरा उपाय केला. गाडीची चावी हरभऱ्याच्या डाळीत लपवली. संध्याकाळी घरी आले तर पोरगी आजीच्याच गाडीवरून शाळेतून आलेली. सासूबाईंकडे दुसरी चावी होती. डाळीतली चावी त्यांनी पुसून खुंटीला लावली होती. "डाळीला किडं लागू नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला घालत्यात गं," त्या म्हणाल्या. "लोखंड न्हाई घालत."

व्हॅन लावता आली असती. पण मग सासूबाई एकट्याच गाडी घेऊन बाजारात गेल्या असत्या, आणि डंपर सांगायला मागे पोरगीसुद्धा नसती. हिसकावून घ्यावी, तर मी दिवसभर बाहेर, गाडीवर पहारा कोण ठेवणार? आणि मुख्य म्हणजे हिसकावता येईना. कारण एकदा गवार मोडताना त्या आपण होऊन बोलल्या होत्या. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, फार वर्षांपूर्वी. "डोळा चांगला आला तिचा," त्या म्हणाल्या. "पर त्या दिवसापासनं तिला कुनी चुलीपाशी जाऊ दिलं न्हाई. पानी आनू दिलं न्हाई. ज्यो त्यो म्हनायचा, तू बस. बसून बसून गेली ती. मला न्हाई बसायचं." मी गवारीचं एक टोक जास्तच मोडलं.

म्हणजे शब्दाचा डाव, एवढंच उरलं. त्यात हरून केलेल्या गोष्टीला कुणी दुबळेपणा म्हणत नाही.

डेपोत माझ्यासारखीच एक कंडक्टर आहे, तिला सकाळची ड्युटी हवी होती. चार आठवड्यांसाठी आम्ही अदलाबदल केली. मला दुपारची मिळाली. घरी सांगितलं, डेपोनं बदललं, माझा काही इलाज नाही. सकाळी पोरीला चालत शाळेत सोडायचं, आईंना गाडी काढायचं कारण उरू नये म्हणून बाजारही आपणच करायचा, पोरीला बाराला आणायचं, आणि पळत स्टँड गाठायचा. ही थाप सासूबाईंना पचली की त्यांनी पचवून घेतली, ते मला अजून माहीत नाही. चार आठवडे माझ्या हातात होते. पाचव्या सोमवारी मी पुन्हा पहाटे पाचला निघणार, आणि पोरगी पुन्हा स्कुटीवर बसणार.

त्या चार रविवारांत मी इतकं सज्जनपणे खेळले, की मलाच माझा कंटाळा आला. पानं वाईट आली की पॅक. जरा बरी आली तरी पॅक. खरोखर भारी आली तरच चाल करायची, आणि मावशींनी शो मागितला की ती भारी पानं सगळ्यांसमोर मांडायची. तिसऱ्या रविवारापर्यंत काकूसुद्धा म्हणायला लागल्या, "ही बोलली म्हंजी हाय हिच्याकडं." अब्रू कमवायची ती एकदाच घालवण्यासाठी, हे शहाणपण पुढाऱ्यांना असतं. मला उशिरा सुचलं.

पण तिसऱ्या रविवारी एक जास्त मोलाची गोष्ट कळली. एका डावात मला राहवलं नाही, हातात काही नसताना मी "चाल" म्हणाले. सासूबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "थाप मारतीया," त्या म्हणाल्या, दुप्पट सारले, आणि मी पॅक होताच माझे चिंचोके ओढून घेतले. पुढच्या डावात मला खरंच दोन एक्के आले. मी तोंड न उघडता चिंचोके सारले. सासूबाई थांबल्या. माझ्याकडे तोंड केलं, पण नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी. "काय गं, बोल की," त्या म्हणाल्या. "मुकी झालीस का?"

तेव्हा उजेड पडला. माझं तोंड त्यांना दिसतच नव्हतं, बहुधा दिवाळीपासून तरी. त्या मला ऐकून हरवत होत्या. इतकी वर्षं मी खोटं बोलताना चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव केला, आणि तो चेहरा समोरच्या बाईच्या लेखी एक पुसट भाकरी होता.

मग आठवडाभर मी गाडीत स्वतःचा आवाज ऐकला. घरात मी बोलते तेव्हा आवाजात सगळं येतं, राग, दमणूक, लबाडी. पण "तिकीट, तिकीट बोला, पुढे सरका" हे मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते, की त्यात खरं नसतं आणि खोटंही नसतं. त्यात मीच नसते. तोच आवाज घरी न्यायचा ठरवला. न्हावऱ्याच्या पुढे गाडी जरा रिकामी झाली की मागच्या बाकावर बसून मी म्हणायची, "तिकीट... तिकीट... चाल... चाल." एका आजीबाईंनी मला प्रसादाचा नारळ दिला आणि विश्रांती घ्यायला सांगितली.

चौथा रविवार. शेवटच्या डावाला मी सासूबाईंना म्हणाले, "शब्द तुमच्याशी. मी जिंकले तर उद्या तुम्ही माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं यायचं. ते सांगतील ते करायचं. आणि तोवर दोन्ही चाव्या माझ्याकडं."

काकूंचा पत्ते पिसणारा हात थांबला. मावशी पान चावायच्या थांबल्या. पोरगी शेजारी बसली होती, तिनं एकदा माझ्याकडं आणि एकदा आजीकडं पाहिलं. आपण खेळ फोडला हे तिला कळलं असावं, ती रडवेली झाली. सासूबाईंनी न बघताच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आन् मी जिंकले तर," त्या शांतपणे म्हणाल्या, "डोळ्याचा विषय पुन्यांदा या घरात काढायचा न्हाई. तू न्हाई, तुझ्या नवऱ्यानं न्हाई. आन् पोर माझ्याच गाडीवर जाणार."

"मंजूर," मी म्हणाले. आता मागं फिरायला जागा नव्हती.

काकूंनी पानं वाटली. मी छातीशी धरून उचलली. मनात म्हटलं, चार आठवडे तपश्चर्या केली, आता एखादा एक्का तरी यावा. राणी, सत्ती आणि चौकी. तिघी तीन जातीच्या. याहून भिकार पानं काकूंनी शोधून दिली असती तरी मिळाली नसती.

हूल कधी द्यावी याचा मी महिनाभर अभ्यास केला होता. समोरचा शहाणा असावा, आपली अब्रू चांगली असावी, आणि देण्याची गरज नसावी. शेवटची अट माझ्यापाशी नव्हती. मला उद्याचा सोमवार दिसत होता, रस्ता दिसत होता, माझ्या पोरीचा आजीच्या पाठीवरचा हात दिसत होता. बोलले असते तर आवाज फाटला असता. म्हणून मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात निमोण्याच्या फाट्यावर गाडी उभी केली. खच्चून भरलेली, दाराशी गर्दी, कुणाची तरी कोंबडी टोपलीत.

"चाल," मी म्हणाले. पाच चिंचोके.

सासूबाईंनी पानं डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग लांब नेली. "चाल." त्यांनीही पाच सारले.

"चाल." पुन्हा पाच. पुढे सरका.

त्यांनी पुन्हा पाच सारले. मावशी माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या, त्यांना मी कोपरानं मागं ढकललं. उरलेले दहाच्या दहा चिंचोके मी एकदम पुढं लोटले. "चाल. सगळे."

सासूबाई थांबल्या. मग त्यांनी शाळेतला आवाज काढला, ज्याला खोटं सांगायची कुणा पोराची छाती झाली नसेल. "खरं सांग. हाय का काही?"

"बघायचं असेल तर शो मागा, आई," मी म्हणाले. त्याच आवाजात, ज्यात मी सुट्टे पैसे नाहीत म्हणून सांगते.

"ती एक थाप सोडली तर महिनाभर तू उगी बोलली न्हाईस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. पानं पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेली. "माझं बी काय, बदाम, बदाम आन् चौकट. एका पानानं हुकलं." आणि त्यांनी पानं पालथी टाकली. "पॅक. घे चाव्या."

नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना शब्दाच्या डावात हरवलं होतं. उठून नाचावंसं वाटलं. पानं गोळा करायला हात पुढं केला, आणि त्यांची तीन पानं उचलताना माझ्याकडून सुलटी झाली. बदाम. बदाम. आणि तिसराही बदामच. त्यांच्याकडे कलर होता. नुसता शो मागितला असता तर माझ्या राणीचा, सत्तीचा आणि चौकीचा पार पालापाचोळा झाला असता. दोन लाल छापांत कुठला कुठला, ते त्यांना दिसलं नव्हतं, म्हणून त्या हरल्या होत्या. मी हुशारीनं जिंकले नव्हते. ज्या आजाराशी भांडायला बसले, त्यानंच मला जिंकवलं होतं.

मावशींनी पाहिलं. त्यांच्या तोंडाचा मोठा आ झाला. मी त्यांच्याकडं बघितलं, कसं बघितलं मला माहीत नाही, हात जोडायचेच बाकी होते. मावशींनी तोंड मिटलं, पान गिळलं, थुंकायचं पानसुद्धा गिळलं, आणि "चला गं, भांडी पडलीत" म्हणत उठल्या. मी ती तीन पानं गड्डीच्या मधोमध खुपसली.

सोमवारी डॉक्टरांनी तक्ता वगैरे काही काढला नाही. बॅटरी मारली आणि म्हणाले, "आजी, मोतीबिंदू एवढा पिकेपर्यंत कशाला थांबलात?" मी त्या आठवड्याची रजा टाकली, आणि पुढं पोरीला तेवढ्यापुरती व्हॅन लावली. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभरानं दुसऱ्याचं. घरात मी सगळ्यांना दम दिला होता, त्यांना कुणी 'तू बस' म्हणायचं नाही. त्यामुळे हिरव्या पट्टीखालून त्या स्वयंपाकघरात मला सूचना देत होत्या आणि मी निमूट ऐकत होते. नवरा सुटी काढून आला, दोन दिवस आईच्या उशाशी बसला, आणि जाताना मला म्हणाला, "बघ, आपण वेळेवर लक्ष दिलं." आपण.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितल्यावर मी दोन्ही चाव्या परत दिल्या. पोरगी नाराज आहे. आजीला आता काही सांगावं लागत नाही, उलट आजीच तिला ओरडते, की नीट बस, हात सोडू नकोस.

परवा दुपारी मी ड्युटीवरून लवकर आले. घरात दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई खिडकीपाशी एकट्याच पत्ते मांडून बसल्या होत्या. खेळत नव्हत्या, एकेक पान उचलून उजेडात धरून बघत होत्या. एक बदाम आणि एक चौकट शेजारी शेजारी ठेवले होते. मी चप्पल काढली.

"त्या दिवशी," मग त्या म्हणाल्या, "शब्दाच्या डावाला माझ्याकडं काय पानं व्हती गं?"

खरं सांगितलं असतं, तर इतक्या वर्षांची त्यांची कधी न हरल्याची ऐट परत मिळाली असती. त्यांना कळलं असतं, की त्या जिंकलेल्या होत्या. पण आपली नजर किती गेली होती, आणि त्या अवस्थेत नातीला मागं बसवून कुठं कुठं गेलो, तेही त्यांना त्या एका पानात दिसलं असतं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तिकिटाचा आवाज काढला. "बदाम, बदाम आणि चौकट. तुम्हीच म्हणालात की."

आवाज बरोबर लागला होता. तोंडाचं मात्र मी विसरले होते.

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. कानाच्या बाजूला नाही, सरळ माझ्या डोळ्यांत. मी पाणी प्यायले, तरी त्या बघतच होत्या. मग त्यांनी तो बदाम आणि ती चौकट उचलून गड्डीत घातली.

"आता दिसतं मला," त्या म्हणाल्या. "तुझं तोंड बी चांगलं दिसतं. पर राहू दे. तू म्हनतीस तर चौकटच व्हती." आणि मला चहा टाकायला त्या उठल्या.